पत्रिकांची डिस्क आणि लाल वायर

आमच्याकडे लग्नपत्रिका नवरानवरीच्या नावासाठी कुणी वाचत नाही. ती नावं साखरपुड्यापासून गावाला पाठ असतात. पत्रिका हातात आली की बोट सरळ खालच्या याद्यांवर जातं. आपलं नाव आहे का, कितव्या ओळीत आहे, आणि आपल्या वर कोण जाऊन बसलंय. वर बसलेला मानाने खरंच मोठा असेल तर ठीक. नसेल तर माणूस लग्नाला येतो, जेवतो, आहेर करतो आणि पुढची दहा वर्षं त्या घराशी बोलत नाही.

या पत्रिका टाइप करायचं काम मी बरीच वर्षं घरी बसून केलं. मुरबाड आणि शहापूर यांच्या मधल्या एका गावात माझं सासर. लग्नाआधी मी शहापुरात टायपिंग शिकले होते. नवरा कसाऱ्याला कामाला, आठवड्यातून दोनदा घरी यायचा. लग्नानंतर वर्षभराने त्याने कुणाकडून तरी एक वापरलेला कॉम्प्युटर आणला. बायको घरात कंटाळत असेल असं त्याला वाटलं म्हणे. कंटाळायला मला सवड कुठे होती, ते काही त्याने विचारलं नाही. पण कॉम्प्युटर आला ते बरं झालं. मी पत्रिका जुळवायची, फ्लॉपीवर घालायची, आणि ती फ्लॉपी कल्याणच्या छापखान्यात जायची.

अडचण एवढीच होती की माझं माहेर आटगावकडचं. इथल्या घरांची मला काहीच माहिती नव्हती. कोण कुणाचा चुलता, कोणाचा मान आधी, हे सगळं माझ्या सासऱ्यांना माहीत. मी त्यांना बाबा म्हणायचे. भातशेती करणारा माणूस, शाळा चौथीपर्यंत; पण आजूबाजूच्या दहा-पंधरा गावांत साखरपुड्याला त्यांना बोलावल्याशिवाय बैठक सुरू होत नसे. पहिल्या वर्षी ते दाराबाहेर पाठ करून उभे राहायचे आणि तिथून नावं सांगायचे, कारण सुनेच्या शेजारी सासऱ्याने बसायची रीत नव्हती. दुसऱ्या वर्षी ते आत स्टुलावर बसले. तिसऱ्या वर्षी माझ्या खांद्यावरून स्क्रीनकडे बघत म्हणायला लागले, "त्याला वर घे गो, त्यो मोठ्या घरचा." सासूबाईंनी आठ दिवस तोंड वाकडं केलं, मग त्यांनाही सवय झाली.

एकदा एका घराची यादी बाबांनी लावून दिली की ती डिस्कवर राहायची. दोन-तीन वर्षांनी त्याच घरचे लोक धाकट्याच्या लग्नासाठी यायचे आणि म्हणायचे, मागचीच नावं टाका. मी फाइल उघडायची, मधल्या काळात गेलेल्यांच्या 'श्री.'चं 'कै.' करायची, नव्या जावयांना आत घ्यायची. बाबा लांबूनच विचारायचे, "मशिनात हाय ना?" हाय म्हटलं की ते शेतावर जायला मोकळे.

सगळ्यात जड गेली होती ती शेणव्याची यादी. त्या गावात एकाच कुळातली दोन घरं, वरचं आणि खालचं. दोन्ही घरचे आजे सख्खे भाऊ, दोघंही कधीच वारलेले. पत्रिकेत सगळ्यात वर 'कै.' म्हणून आधी कुणाचा आजा घालायचा, यावरून दोन्ही घरांचं बिनसलं होतं. थोरला कोण हे सांगायला कागद नाही, जन्माची नोंद नाही. दोन्ही आज्यांना डोळ्यांनी बघितलेला जिवंत माणूस एकच, आमचे बाबा. ते तीन वेळा शेणव्याला जाऊन बसले, तिसऱ्या वेळी निकाल दिला आणि दोन्ही घरांनी तो ऐकला. तशी पत्रिका मी टाइप केली. वरच्या घरच्या थोरल्या मुलाचं लग्न त्यावर पार पडलं.

चारेक वर्षांनी माझा कॉम्प्युटर मरायला टेकला. चालू केला की खाकरल्यासारखा आवाज करायचा आणि मधेच बंद पडायचा. डिस्क मात्र धडधाकट होती. खराब झाला होता तो मदरबोर्ड. तोपर्यंत मी दोनदा रॅम बदलली होती, पंख्याला तेल घातलं होतं, आणि मला वाटायला लागलं होतं की आपल्याला यातलं सगळं कळतं. नव्या कॉम्प्युटरचे भाग आणून मीच जोडणार, असं मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "तुला जमतंय तर कर." या वाक्यात विश्वास किती आणि अंग काढून घेणं किती, हे मी मोजत बसले नाही.

कल्याणच्या दुकानात गेले तेव्हा पहिला प्रश्न आला तो डिस्कचा. तोवर मला डिस्क म्हणजे एकच प्रकार ठाऊक होता, आयडीई. मागे दोन रांगांत पिना आणि चार बोटं रुंद चपटी करडी पट्टी. त्या पट्टीवर दोन वस्तू लागतात, पण त्यातली एक मालक आणि एक चाकर असं ठरवून द्यावं लागतं. डिस्कच्या मागे एक मुगाएवढी प्लास्टिकची टोपी असते, ती या पिनांवर घातली की मालक, त्या पिनांवर घातली की चाकर. दोन्ही मालक केले तर कुणीच चालत नाही. दुकानदाराने काउंटरवर दुसरी डिस्क ठेवली. तिला पिनाच नव्हत्या. करंगळीपेक्षा बारीक लाल वायर, एका वायरवर एकच डिस्क. साटा, तो म्हणाला. टोपी नाही, मालक-चाकर नाही, वेगही जास्त. "मॅडम, दोन वर्षांत पट्टीवाली मिळणारच नाही."

मी लगेच काही घेतलं नाही. कागदावर दोन्हीचं लिहून घेतलं आणि घरी आले. आयडीई घेतली तर काहीच नवीन शिकायचं नव्हतं. पण नव्या मदरबोर्डावर पट्टीची जागा एकच होती, त्यामुळे नवी डिस्क, जुनी डिस्क आणि सीडी रायटर या तिघांपैकी एकाला बाहेर राहावं लागलं असतं. साटा घेतली तर ती लाल वायरवर आणि जुनी डिस्क नि रायटर पट्टीवर, सगळे आत. पण विंडोज चढवताना साटाची डिस्क कधीकधी दिसतच नाही, बोर्डाच्या सेटिंगमध्ये जाऊन बदल करावा लागतो, असंही तो म्हणाला होता. त्याची भीती वाटत होती. भीती वाटते हे कबूल करायचं मात्र मला अजिबात जमत नाही.

बाबांनी कागद उलटसुलट करून बघितला आणि काय ते समजावून सांग म्हणाले. मी पट्टीचं सांगितलं, तिच्यावरच्या मालक-चाकराचं सांगितलं.

"म्हंजे एका जुवाला दोन बैल," बाबा म्हणाले. "एक मठ्ठ आसला तं दुसऱ्याला पन त्याच्याच चालीनं चालाय लागतं."

"तसंच बाबा."

"न् या लाल वायरीला?"

"एकच. ज्याची त्याची वेगळी."

"मंग ती घे. पन जुनी फेकू नको हां. तिच्यात शेणव्याचं हाय."

तिच्यात शेणव्याचंच काय, सव्वादोनशे घरांचं होतं, आणि ते फक्त तिच्यातच होतं, हे मला पक्कं माहीत होतं. जुन्या कॉम्प्युटरला सीडीवर लिहिता येत नव्हतं. फ्लॉप्या आमच्या पावसाळ्यात बुरशी धरायच्या, आणि छापखान्यातून परत आलेली फ्लॉपी मी पुढच्या गिऱ्हाइकासाठी पुसून वापरायची. छापलेल्या पत्रिकाही घरात उरत नसत. गणपतीचं चित्र आणि वर कुंकवाचं बोट असलेला कागद रद्दीत कसा घालायचा? सासूबाई वर्षभराच्या सगळ्या पत्रिका निर्माल्याबरोबर नदीत सोडायच्या. आमच्याच नाही, सगळ्याच घरांत तसंच. म्हणून तर मी नव्या कॉम्प्युटरला सीडी रायटर घेतला होता. मशीन सुरू झालं की पहिलं काम, सगळ्या याद्या दोन सीड्यांवर. तसं मी वहीत लिहूनही ठेवलं होतं.

साटाच घेतली. जुनी डिस्क चाळीस जीबीची होती, नवी पण चाळीसचीच घेतली, कारण पत्रिकांना जागा लागते किती? दुकानदाराने डिस्क तपासून, तिचे दोन भाग पाडून दिली. निघताना तो म्हणाला, "विंडोज टाकताना जुन्या डिस्कची पट्टी काढून ठेवा मॅडम. नंतर लावा." मी मान हलवली.

रविवारी सकाळी ओटीवर सतरंजी घालून जोडायला बसले. बाबा स्टुलावर. सगळं नीट बसलं, लाल वायर तर इतकी सहज बसली की मी दोनदा ओढून बघितली. नंतर जुन्या डिस्कला पट्टी लावली आणि तिथे घाम फुटला. एक पिन वाकली. सुईने सरळ करत करत ती पुन्हा जागेवर आणली, पट्टी हळूहळू दाबली, आणि डिस्क दिसतेय हे स्क्रीनवर वाचल्यावर माझ्या जिवात जीव आला. आता ही पट्टी पुन्हा काढायची म्हणजे ती पिन तुटणार, असं माझ्या मनाने घेतलं. दुकानदाराचं बोलणं मला आठवत होतं, विसरले नव्हते. त्यात अकरा वाजता लाइट जाणार होती, त्या वर्षी भारनियमन रोजचंच होतं. मी पट्टी काढली नाही.

विंडोजच्या निळ्या पडद्यावर दोन डिस्क आल्या, एक वर, एक खाली. दोन्ही चाळीसच्या, दोन्हींचे दोन-दोन भाग. समोर मोकळी जागा किती याचे आकडेही होते. ते वाचले असते तरी कळलं असतं. मी ते वाचले नाहीत. आठ वर्षं मी एकच गोष्ट करत आले होते, जुनं आधी आणि नवं मागून. कै. आधी, मग श्री., मग चिरंजीव. यादीत वर असतं ते थोरलं, यात विचार करण्यासारखं काही असतं हेच माझ्या डोक्यात आलं नाही. जुनी डिस्क वर, नवी खाली, असं धरून मी खालची पुसली आणि तिच्यावर विंडोज चढवलं. लाइट जायच्या आत काम झालं म्हणून खूश होऊन बाबांना चहासुद्धा करून दिला. लाइट परत आल्यावर रंगीत बॉर्डरी, गणपती, फाँट, सगळं सीडीवरून तिच्यातच भरलं.

त्यानंतर दुसरी डिस्क उघडली. आत एकच फोल्डर होता, दुकानदाराने तपासणीसाठी ठेवलेला. मशिनाला काय ठाऊक थोरलं कोण? त्याने नव्या साटाला वरची जागा दिली होती, आणि मी पुसली होती ती जुनी.

मी कितीतरी वेळ तो रिकामा खिडकीसारखा चौकोन बघत बसले. मग स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासली, घासलेलीच पुन्हा घासली. रडू नंतर आलं. चूक दुसऱ्या कुणाची असती तर मी घर डोक्यावर घेतलं असतं, माझा स्वभाव तसाच आहे. इथे ओरडायला कुणीच नव्हतं. दुकानदाराकडे डिस्क नेली, त्याने प्रयत्न केला. काही बॉर्डरी निघाल्या, आणि काही फाइली, ज्या उघडल्या तर आत नुसते चौकोन. वर एवढं भरल्यावर खालचं निघणार कसं, असं तो म्हणाला. मी सांगितलं होतं, असं तो म्हणाला नाही, हे त्याचे उपकार.

बाबांना सांगितलं त्या दिवशी ते अंगणात सुपातले वाल निवडत होते. ऐकून घेतलं. "सगला?" एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. मग मीच घाईने म्हणाले, "पण तुम्हाला आठवतं ना बाबा. आपण परत लिहून काढू. मी वही आणते."

वही आणली. जवळच्या घरांची नावं त्यांनी भराभर सांगितली. दहा-बारा घरांनंतर अडखळायला लागले. एका घरात चार भाऊ सांगितले, मग म्हणाले पाच. शेवटी हातातलं सूप खाली ठेवलं. "तुज्या मशिनात हाय म्हनून मी ध्यानात नाय ठेवला गो," ते म्हणाले. "आदी रोज रातचा पडल्या पडल्या घोकायचो. मंग सोडला."

त्यांनी मला रागावायला हवं होतं. रागावले असते तर मी दोन शब्द उलट बोलले असते आणि मोकळी झाले असते. त्यांच्या तोंडावर राग नव्हता, लाज होती, आणि ती बघणं मला फार जड गेलं.

तुळशीचं लग्न झालं आणि शेणव्याचे लोक आले. वरच्या घरी धाकट्याचं लग्न ठरलं होतं. दोन्ही घरचा एकेक कर्ता माणूस बरोबर आला होता, आता त्यांच्यात बोलणं होतं. पाणी झालं, चहा झाला. वरच्या घरचे म्हणाले, "मागचीच नावं टाका वहिनी."

"आमचा आजा आदी हाय ना पन?" खालच्या घरचे हसत म्हणाले.

"आदी आमचा व्हता," वरचे म्हणाले. तेही हसतच म्हणाले, पण हसू तिथेच थांबलं.

"आवं नाय, आमचा. मामांनीच सांगितला व्हता."

"मामांनी सांगितला तो आमचा."

दोघंही बाबांकडे वळले; शेणव्याचे लोक त्यांना मामा म्हणत. चार वर्षांत दोघांनी आपापला निकाल मनात घट्ट करून घेतला होता, आणि दोघंही खोटं बोलत नव्हते, हे त्यांच्या तोंडावरून दिसत होतं. "मशिनात बघा ना मामा," वरचे म्हणाले, "त्यात कशाला वाद?"

लाइट नव्हती. मला वाटलं, बाबा तेवढंच म्हणतील, लाइट आल्यावर बघू, आणि आठ दिवस निघतील. मी दाराआड उभी राहून मनात तेच म्हणत होते. बाबा म्हणाले, "मशिनातला गेला. न् माज्या डोक्यातलापन गेला." त्यांनी दाराकडे बोट केलं. मग ते म्हणाले, "तिनं हातानं लिवलाय. तिला इचारा."

मी बाहेर आले. तिघंही माझ्याकडे बघत होते. अशा बैठकीत सुनेने फार तर चहाचे कप उचलायचे असतात. माझ्या डोळ्यांपुढे त्या पत्रिकेची वरची ओळ आली. खालच्या घरच्या आज्याचं नाव लांब, ते बॉर्डरीत मावत नव्हतं म्हणून मी अक्षर बारीक केलं होतं. बारीक केलेली ती ओळ पहिली होती. निदान मला ती पहिली दिसत होती. पण लांब नावं मी शंभर पत्रिकांत बारीक केली होती, आणि ती ओळ शेणव्याचीच का, हे त्या क्षणी मला ठामपणे सांगता आलं नसतं. मला नक्की आठवत नाही, एवढं बोलले असते तर बाबांनी चार वर्षांपूर्वी जोडलेलं सगळं त्या ओटीवरच सुटलं असतं.

"खालच्या घरचे आधी," मी म्हणाले. "मग वरच्या घरचे."

खालच्या घरच्यांनी मान डोलावली. वरच्या घरच्यांनी हातातला कप खाली ठेवला. लग्न त्यांच्या घरचं होतं. "बरा," ते म्हणाले. "तुमी सांगता म्हंजे तसाच आसंल." पत्रिका तशी छापली गेली.

पाहुणे गेल्यावर बाबांनी मला विचारलं, "नक्की ना गो?"

मी हो म्हटलं.

त्यांचा चेहरा उजळला. त्या दिवशी ते पोटभर जेवले. पुढे कधी शेणव्याचा विषय निघाला की ते स्वतःहून सांगायचे, खालच्या घरचा आजा थोरला. नंतर नंतर त्यात भर पडत गेली. धाकटा थोरल्यासमोर कसा बसत नसे, भाताच्या खळ्यावर पहिलं सूप थोरल्याच्या हातात कसं द्यायचे, आणि हे आपण लहानपणी डोळ्यांनी कसं बघितलं. ऐकणारे माना डोलवायचे. मी शेजारी टाइप करत बसलेली असायचे. ते शेवटपर्यंत तसंच सांगत राहिले, आणि थोरला खरा कोण, हे मला आजही माहीत नाही.